माशांचं मेतकूट

मेतकूटवाल्या काकूंच्या घरात 'मासा' हा शब्द उच्चारायला बंदी होती. अंड्याला त्या 'ते पांढरं' म्हणत, मटणाला 'तसलं', आणि माशाला काहीच म्हणत नसत. नुसती मान नळाच्या दिशेने वळवत. सकाळी पेपरातलं राशिभविष्य मोठ्यांदा वाचताना मीन रास आली की 'शेवटची रास' म्हणून पुढे जात. ती त्यांची स्वतःची रास होती. अशा बाईंनी वर्षभराहून जास्त काळ माझ्या माशांचा स्वयंपाक केला, हे मी आमच्या गल्लीबाहेर सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. गल्लीतल्यांना वाटतं, कारण वास त्यांनीही घेतला आहे.

बिबवेवाडीत मुख्य रस्त्यापासून बरंच आत, गल्लीच्या टोकाला त्यांचं बैठं घर होतं. अंगणात शेवग्याचं झाड, वर गच्ची आणि गच्चीवर भाड्याने द्यायची एक खोली. यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा बंगळुरात. काकू घरच्या घरी मेतकूट आणि भाजणी करून विकत, आणि मेतकूट असं करत की बाहेरगावी राहणारी मुलं सुट्टीला आली की आईला भेटायच्या आधी काकूंकडे डबा देऊन जात. मी खोली बघायला गेलो तेव्हा त्या ओसरीवर चाळणी घेऊन बसल्या होत्या. चाळणी थांबली नाही आणि मुलाखत सुरू झाली.

"काय करता?"

"आयटीत आहे."

"ते सगळेच असतात. करता काय?"

"सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधतो."

"त्याचा पगार देतात?"

"हो."

"आमच्या सासूबाई फुकट शोधायच्या," काकू म्हणाल्या. "गाव कुठलं?"

मी भंडारा म्हणालो. काकूंच्या नकाशात नगर संपलं की एकदम नागपूर लागायचं, मधलं आणि पलीकडचं सगळं त्यातच जमा. त्यामुळे त्या क्षणापासून मी 'नागपूरकर' झालो तो शेवटपर्यंत. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही याची मला आजही खात्री नाही. खाण्याचा प्रश्न निघाला तेव्हा मी खोलीत काही करणार नाही असं कबूल केलं. बाहेरचं विचारल्यावर जरा अडखळलो. त्यावर त्या म्हणाल्या, "बाहेर काय खाता ते तुमचं पोट बघून घेईल. जिन्यात वास आला, तर मात्र मी बघेन."

त्यांचं ब्रीदवाक्य होतं, 'चाळल्याशिवाय काही आत घेऊ नये.' बाजारातून आलेलं मीठ चाळलं जाई, पुडीतली हळद चाळली जाई, आणि माझ्याकडे येणारे मित्रही फाटकाशी बऱ्यापैकी चाळले जात. एकदा माझा एक सहकारी भेटायला आला, तर त्याला 'कोण, कुठले, किती वेळ' असे तीन प्रश्न विचारून त्यांनी वर सोडलं आणि वेळ संपल्यावर खालून हाक मारली. तो पुन्हा आला नाही. मला वाईट वाटलं नाही, कारण तोही तसा कोंडाच होता.

पुढे वर्षभरात कंपनीला चुका शोधता शोधता मी सापडलो. 'तुमची भूमिका आता उरलेली नाही,' असं त्यांनी फार गोड शब्दांत सांगितलं. माणसाची नोकरी गेली की त्याने काही दिवस गप्प बसावं. मी मोबाइल बघत बसलो. त्यात एक गॉगलवाला माणूस गोल टाकीशेजारी उभा राहून रोज मला सांगायचा की देशी मागूर मासा पाळा, थोड्या पाण्यात जगतो, वर तोंड काढून हवा घेतो, मरायला तयार नसतो, आणि बाजारात हातोहात जातो. मरायला तयार नसणारा प्राणी मला त्या दिवसांत फार जवळचा वाटला. कात्रजच्या पुढे घाट लागण्याआधी एका मित्राच्या मामांची मोकळी जागा होती, तिथे ताडपत्रीच्या दोन गोल टाक्या उभ्या केल्या आणि शिल्लक होती ती सगळी मागुरांच्या पिल्लांवर आणि हवेच्या पंपावर घातली.

आमचं घर तलावावर मासे धरणाऱ्यांचं. आजोबा पाण्याचा रंग बघून जाळं कुठे टाकायचं ते सांगत. मला त्याच पाण्याची आकृती संगणकावर काढता येत होती, तीन रंगांत. घरी मी सांगितलं की नोकरी चालू आहे, मासे आपले हौसेखातर. आईने फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काऊन रे, अख्खा तलाव इथं सोडून तू तिथं ताडपत्रीत मच्छ्या पोसून रायला का?" याला उत्तर एकच देता आलं असतं, ते म्हणजे मासे मोठे करून विकणं. नाही जमलं तर खोली सोडायची, भंडाऱ्याला परत जायचं, आणि पुण्याला जाऊन मासे बुडवून आलेला माणूस म्हणून तलावाच्या काठावर उरलेलं आयुष्य काढायचं.

अडचण आली ती खाद्याची. विकतच्या खाद्याच्या गोण्या अशा महाग की मासे खाद्य खात होते आणि खाद्य मला खात होतं. मग कुठेतरी वाचलं की खाद्यातला महागडा भाग थोडा कमी करून त्याजागी झाडपाल्याची पूड घालता येते. शेवग्याचा पाला त्यासाठी चांगला, त्यात सत्त्व भरपूर. हे वाचून मी मान वर केली तर खिडकीबाहेर शेवगाच होता. त्या थंडीत त्याची एक मोठी फांदी आपोआप कडाडून अंगणात पडली. काकू म्हणाल्या, "उचला ही, तुम्हाला नाहीतरी काही काम दिसत नाही." नोकरी गेल्याचं मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. पण दिवसभर गच्चीत फिरणारा माणूस कामावर नसतो, हे समजायला चाळणी लागत नाही.

मी पाला ओरबाडून भर उन्हात गच्चीवर पसरला. दुपारी वारा सुटला आणि अर्धा पाला समोरच्यांच्या वाळवणात जाऊन पडला, उरलेला पिवळा पडून गवतासारखा झाला. काकू वर आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी तो देखावा पाहिला.

"हे वाळत घातलंय, की उधळलंय?"

"वाळत घातलंय."

"कुणासाठी?"

खोटं बोलण्याची माझी तयारी होती, पण शेवग्याचा एवढा पाला एकटा माणूस कशासाठी वाळवतो याचं खोटं उत्तर मला सुचेना. मी म्हणालो, "कात्रजला माझे मासे आहेत, त्यांच्यासाठी." शब्द तोंडातून गेला होता. काकूंनी मान सावकाश गच्चीवरच्या नळाकडे वळवली.

"ते पाला खातात?"

"खातात म्हणे. पिठात मिसळून."

"मग तुमच्यापेक्षा बरे आहेत," काकू म्हणाल्या आणि खाली गेल्या. थोड्या वेळाने त्यांची एक जुनी, धुऊन मऊ झालेली सुती साडी वर आली. पाला धुवायचा, उकळत्या पाण्यात बुडवून लगेच काढायचा म्हणजे कडवटपणा उतरतो, आणि साडीवर घालून खोलीत पंख्याखाली, सावलीत वाळवायचा. सावलीत वाळला की रंग हिरवा राहतो आणि रंग राहिला की गुण राहतो, हे त्यांचं शास्त्र. माझ्या खोलीत त्यानंतर झोपायला जागा राहिली नाही, पण रंग राहिला.

काकूंचं सगळंच बरोबर असे असं मात्र नाही. पहिल्याच खेपेला त्यांनी वाळलेला पाला सवयीने कढईत खमंग भाजला. त्याची काळी राख झाली आणि ओसरी धुराने भरली. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "पाल्याला भाजणीचं वळण नाही." चूक पाल्याची होती. माझी तऱ्हा याहून वरची. मी पाल्याची पूड, पेंड, कोंडा आणि कणीक असं कच्चंच मळून गोळ्या केल्या, टाकीत टाकल्या, आणि पाण्याला हिरव्या पेजेचा रंग आला. मागूर तळाशी बसून माझ्याकडे बघत राहिले. हे सांगितल्यावर काकूंनी कपाळाला हात लावला. "अहो, उकड नको का काढायला? मोदक काय नुसत्या पिठाचे करतात?" मग उकड काढून, मळून, सोऱ्यातून शेव पाडायची आणि ती वाळवून तिचे तुकडे करायचे असं ठरलं. शेवग्याची हिरवी शेव कागदावर वाळत पडलेली असताना गल्लीतल्या दोघांनी तिचा भाव विचारला.

एक अट होती. खाद्यात थोडं वाळलेल्या मासळीचं कूट लागतंच, मागूर हा काही भजनी मंडळातला प्राणी नाही. ते कूट काकूंच्या उंबऱ्याच्या आत येणार नाही असं ठरलं. मी ते कात्रजला डब्यात ठेवायचो आणि तिथेच शेवेवर चोळायचो. म्हणजे एकाच जेवणाचा सोवळ्यातला भाग बिबवेवाडीत आणि ओवळ्यातला कात्रजला तयार व्हायचा.

काकू प्रत्येक पदार्थ चाखत. मेतकूट असो की भाजणी, चिमूटभर जिभेवर ठेवून डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. माशांच्या शेवेलाही त्यांनी तोच न्याय लावला. मी नको म्हणेपर्यंत चिमूट तोंडात गेली होती. डोळे मिटले, उघडले. "मीठ कमी आहे. आणि हिंग कुठाय?" माशांना हिंग लागत नाही असं मी म्हणालो. "पाला वातूळ असतो. पोटं फुगतील त्यांची," असं म्हणून त्यांनी हिंग घातला. मागुरांचं पोट कधी फुगलं नाही. आता ते हिंगामुळे की मुळातच, हे मला सांगता येणार नाही.

आणि एके दिवशी माशांच्या खाद्याचा रोजचा डबाच मिळाला नाही. मी दारात उभा राहिलो तर काकू जपमाळ घेऊन बसलेल्या. "आज एकादशी." मी म्हणालो, उपास तुमचा, त्यांचा नाही. "माझ्या हातचं खातात ना? मग माझ्या घरचे नियम. एक दिवस पोटाला आराम मिळाला तर मरणार नाहीत." मी घाबरून मत्स्यखात्यातल्या एका ओळखीच्या साहेबांना फोन केला. ते म्हणाले, हरकत नाही, पंधरवड्यातून एखादा दिवस खाणं बंद ठेवलं तर पाणीही स्वच्छ राहतं. ही आनंदाची बातमी मी काकूंना दिली. "मी परवानगी मागितली नव्हती," त्या म्हणाल्या आणि माळ पुढे सरकली.

उन्हाळ्याच्या तोंडाला त्या म्हणाल्या, "ज्यांना रोज वाढते त्यांना बघायला हवं." बसने कात्रजला आणि तिथून रिक्षाने त्या टाक्यांपाशी आल्या. पायरीवर उभं राहून त्यांनी स्वतःच्या हाताने शेव टाकली. पाणी ढवळलं, आणि काळी, गुळगुळीत, रुंद तोंडं वर आली. प्रत्येकाला लांबलचक मिशा. काकू बघतच राहिल्या.

"अहो, यांना मिशा आहेत!"

"असतात त्यांना."

"आमच्या ह्यांच्या अश्शाच होत्या. जेवायला हाक मारली की असेच यायचे, हात धुवायच्या आधी." त्या हसल्या. मी त्यांना इतकं हसताना आधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मागूर 'मिशाळे' झाले. परत निघताना त्यांना तो कुटाचा डबा दिसला. वासावरून ओळखला असावा. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "त्या डब्याची गरज पडणार नाही असं मी करून दाखवते. सोयाबीन आहे, शेंगदाण्याची पेंड आहे, पाला आणखी वाढवू."

इथे शहाण्या माणसाने नाही म्हणायचं असतं. मी उलट हवेत गेलो. पाला फुकट, डबा बंद, खर्च निम्म्याहून खाली. शिवाय माझ्या डोक्यात एक कल्पना आली जिची आठवण झाली की मी आजही एकटा असलो तरी मान खाली घालतो. 'शाकाहारी मागूर'! पुण्यात याला किती मागणी येईल, याचा मी विचार केला. शाकाहारी मासा कोण विकत घेणार, याचा केला नाही. जो मासे खातो त्याला माशाच्या आहाराशी देणंघेणं नाही, आणि जो खात नाही तो मासा शाकाहारी आहे म्हणून खायला लागणार नाही. एवढी साधी गोष्ट. मी तिच्यासाठी मिशांत तुळशीचं पान धरलेला मागूर असं एक चित्रसुद्धा काढलं. तीन रंगांत.

काकूंनी आपलं सगळं कसब पणाला लावलं. पाला वाढला, सोयाबीन भाजून आलं, शेव आणखी हिरवी झाली. मिशाळे खायचे. पण महिना गेला, दुसरा गेला, पावसाळा लागला, आणि मासे लांबच लांब राहिले. डोकी मोठी, अंग काठीसारखं. काही तर शेव तोंडात घेऊन थुंकू लागले. मग एके सकाळी एका मोठ्याच्या तोंडातून दुसऱ्या लहानाची शेपटी बाहेर आलेली दिसली. माझ्या शाकाहारी मागुराने आपली सोय आपण केली होती. त्यानंतर रोज टाकीतली गर्दी विरळ होत गेली.

श्रावणात व्यापारी बघायला आला. त्याने जाळी घालून एक मासा काढला, उलटापालटा केला आणि विचारलं, "मासा विकायचाय का नुसतं डोकं?" मी मासा परत टाकीत सोडला. तो म्हणाला, "श्रावणात आमचं तसंही थंडच असतं. गणपती होऊ द्या. तोवर अंग धरलं तर सगळा माल उचलतो, नाहीतर माफ करा." मी घरी येऊन बॅग पलंगाखालून काढली आणि तिच्याकडे बघत बसलो. काकूंना रोज सांगत होतो की छान चाललंय. एवढ्या प्रेमाने वाढणाऱ्या बाईला तुमचं अन्न अंगी लागत नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

संध्याकाळी त्या वर आल्या. बॅग दिसली, कोपऱ्यात न जेवता झाकून ठेवलेलं माझं ताटही दिसलं.

"कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग कोण जाणार आहे?"

मी सगळं सांगून टाकलं. मासे वाळले आहेत, पाला जास्त झाला की त्यांना पचत नाही, त्यांना थोडं तरी त्यांच्या जातीचं खाणं लागतंच, आणि आता ते एकमेकांना खात आहेत. गणपतीनंतर व्यापारी आला नाही तर मी भंडाऱ्याला. काकू बॅगेवर नजर ठेवून ऐकत होत्या. "एकमेकांना?" त्यांनी एकदाच विचारलं. मी मान हलवली. त्या जिना उतरून गेल्या आणि खालचं दार लागलं. मला वाटलं, आपल्यासाठी ते कायमचंच लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात वास आला. ज्याचं बालपण भंडाऱ्याला गेलं आहे त्याला तो वास झोपेतही ओळखता येतो. सुकट भाजली जात होती. मी धावत खाली आलो. अंगणात शेवग्याखाली जुनी शेगडी, तिच्यावर लोखंडी तवा, आणि नाकावर पदर घट्ट बांधून काकू उलथन्याने सुकट परतत होत्या. श्रावणात. ज्या बाई चातुर्मासात कांदासुद्धा घरात ठेवत नसत, त्या भल्या सकाळी एकट्या मासळी बाजारात जाऊन सुकट घेऊन आल्या होत्या.

"ती बाई मला विचारते, चटणी करायची का," काकू पदराआडून म्हणाल्या. "मी हो म्हटलं. म्हणाली, मग कांदा सढळ घाला."

मला हसू फुटलं. "काकू, कशाला? मी केलं असतं."

"तुम्ही पेज करता." त्यांनी तवा खाली उतरवला. "पाहुणा जेवायला बसला की त्याच्या पानात त्याचं जेवण वाढायचं असतं. मी आपलं वाढत बसले. वर कौतुक, की बघा कसे सात्त्विक झाले. भुकेने एकमेकांना खायला लागले बिचारे."

एवढ्यात समोरच्या वहिनी नाकाला रुमाल लावून फाटकाशी आल्या. गल्लीतल्या आणखी दोन खिडक्या उघडल्या. काकूंनी पदर खाली ओढला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "माझ्याकडे जेवणारी माणसं आहेत, त्यांचं चाललंय. कुणाला काही बघायचं असेल तर आत येऊन बघा, म्हणजे कुटायला मदत होईल." खिडक्या बंद झाल्या. वहिनींना काहीतरी गॅसवर ठेवल्याची आठवण झाली.

कूट झाल्यावर त्यांनी डोक्यावरून आंघोळ केली, शेगडी अंगणाच्या कोपऱ्यात वेगळी ठेवली आणि माशांसाठी नवा सोऱ्या आणला. पाला पूर्वीसारखा थोडाच, बाकी पेंड, कोंडा आणि कूट. फक्त चाखण्याची पंचाईत झाली. नव्या शेवेचा तुकडा त्यांनी माझ्यापुढे धरला. "आता चव तुम्ही बघायची." मी खाऊन पाहिला. एकेकाळी मी मोठ्या कंपनीत चुका शोधत होतो. आता बिबवेवाडीच्या एका अंगणात उभा राहून माशांच्या खाद्यात मीठ बरोबर आहे का ते सांगत होतो. माझ्या सगळ्या नोकऱ्यांतली हीच मला मनापासून आवडलेली.

काकूंनी श्रावण सुकट कुटून काढला. एकादशीचा उपास मात्र सुटला नाही, तो मिशाळ्यांनाही चुकला नाही. गणपती बसले तोवर माशांनी अंग धरलं, आणि उठल्यावर व्यापारी आला तेव्हा त्याने जाळीतला मासा दोन्ही हातांनी धरला. माल गेला. बॅग पुन्हा पलंगाखाली गेली. भंडाऱ्याला फोन करून मी खरं काय ते सांगितलं, तेव्हा आई म्हणाली, "मले माहीत होतं बापू. नोकरीवाला मानूस दुपारी फोन करते का?"

माल नेला त्या दिवशी काकू आल्या नाहीत. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गेले?" मी म्हणालो, गेले. थोडा वेळ त्या चाळणी नुसतीच हलवत राहिल्या, तिच्यात पीठ नव्हतं. मग म्हणाल्या, "मी खात नाही म्हणून जगाने खाऊ नये असं मी कधी म्हटलं नाही. पण हिंग घातलेला आहे हे सांगायचं होतं त्यांना." दिवाळीआधी टाकीत नवी पिल्लं आली. त्यांना मिशांची कोवळी दोरी नुकतीच फुटलेली होती आणि काकूंनी शेवेऐवजी त्यांच्यासाठी बारीक चाळून भुकटी करायला घेतली. "बाळांना मेतकूटच बरं," त्या म्हणाल्या. स्वतःच्या गिऱ्हाइकांच्या डब्यांशेजारी तो एक वेगळा डबा बंद करून ठेवलेला असे, आणि त्यावर काहीही लिहिलेलं नसे.

त्या थंडीतच त्यांना छातीत दुखायला लागलं. मुलगा बंगळुराहून आला, मी दोन दिवस त्याच्याबरोबर इस्पितळात होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी आत सोडलं तेव्हा काकू डोळे मिटून पडल्या होत्या. मुलगा उशाशी, मी पायथ्याशी. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले आणि मला शोधलं.

"नागपूरकर."

"काय काकू?"

"माशांना वाढलंत?"

मुलगा दचकला. जन्मात त्याने आईच्या तोंडून तो शब्द ऐकला नव्हता. "आई भ्रमात बोलतेय," तो हळूच मला म्हणाला. काकू अजिबात भ्रमात नव्हत्या. त्या माझ्याकडे उत्तरासाठी बघत होत्या, चाळणी हातात असताना बघायच्या तशाच.

"नाही वाढलं," मी म्हणालो. "कालपासून."

"मग इथे काय बसलात?"

मी उठलो. घरी जाऊन तो न लिहिलेला डबा घेतला आणि कात्रजला गेलो. पायरीवर उभा राहून पहिली चिमूट सवयीने जिभेवर ठेवली. मीठ होतं, हिंग होता, सगळं होतं. भुकटी टाकताच पाणी हललं आणि त्या इवल्या मिशा वर आल्या. डबा निम्मा झाला असताना खिशातला फोन वाजू लागला. मुलाचाच असणार, आणि काय सांगणार हे मला कळलं होतं. मी तो वाजू दिला. रडत रडत, पण पंगत पुरी वाढली, डबा आपटून शेवटचं मेतकूटही पाण्यात झाडलं, हात धुतले, आणि मग फोन घेतला. तो एकादशीचा दिवस नव्हता. उपाशी ठेवायला माझ्याकडे काहीच कारण नव्हतं.